बैठकीसाठी मेलोकोआ : एका प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२४, निशी-कासाई, तोक्यो

काम असं : डिसेंबरात पुण्याला गेले की काकांच्या घरच्या बैठकीत एक तास माझा. ही बैठक म्हणजे ७८च्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्या ज्येष्ठांचं मंडळ. कुणाकडे बालगंधर्व, कुणाकडे हिराबाई, एकाकडे नुसत्या सनई-क्लॅरिनेटच्या तबकड्या. चहा, चिवडा, तबकडी, वाद, पुन्हा तबकडी. काकांची मागणी साधी होती : "तिकडचं काहीतरी आण. कोतो असेल, शाकुहाची असेल." मी म्हटलं, मेलोडिक पंक आणते, इथे ज्याला मेलोकोआ म्हणतात ते.

"म्हणजे ती केस उभे केलेली, आरडाओरडा करणारी पोरं?"

"तीच, काका. पण ही चालीत ओरडतात."

"बघू," म्हणाले. काकांचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

नियम लगेच ठरवून टाकले. हातात धरता येईल तेच वाजवायचं, तबकडी किंवा सीडी. फोनवरून काही नाही, नाहीतर ही मंडळी पहिल्याच गाण्याला उठतील. बोलणं वीस मिनिटांच्या आत. गाणी दोन-अडीच मिनिटांची असतात, म्हणजे चौदा-पंधरा मावतील.

माझ्या वयाच्या बहुतेकांच्या कानांवर हे संगीत कार्टूनमधून आलं. २०११मध्ये 'नारुतो शिप्पुदेन'च्या भागाअखेरीस टोटलफॅटचं गाणं लागायचं, त्याआधी 'बेक'च्या अॅनिमेत बीट क्रुसेडर्स होते. बैठकीत हे सांगणार नाही. तिथे नारुतोची ओळख करून देण्यातच तास जाईल.

९ जून

सुरुवात कुठून करायची? इथल्या जुन्या सीडींच्या दुकानांत 'मेलोकोआ' अशी वेगळी पाटी असते. मेलोडिक हार्डकोअर एवढं लांब कोण म्हणणार! पाटीखाली सापडतात ते बँड नव्वदच्या दशकापासूनचे. पण चालीचं मूळ शोधायचं तर १९८७पर्यंत मागे जायला हवं, ब्लू हार्ट्सच्या पहिल्या अल्बमपर्यंत. चौघेजण, मोजके कॉर्ड्स, आणि जपानी शब्द इतके सुटे नि स्वच्छ की माझ्यासारख्या शिकाऊ माणसालाही पहिल्याच ऐकण्यात निम्मे कळतात. 'लिंडा लिंडा' हे त्याच वर्षीचं त्यांचं गाणं जवळजवळ भावगीतासारखं हळू सुरू होतं, गटारातल्या उंदराच्या सौंदर्याचं गुणगान करत, आणि मग एकदम उडीच मारतं. बैठकीत पहिलं हेच. ज्याला ठेक्याची भीती वाटते त्याला आधी अर्धं मिनिट श्वास घ्यायला मिळतो.

आणखी एक कारण आहे. गायक कोमोतो हिरोतो मूळचा ओकायामाचा. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या कोराकुएनवरून बेतली, ते कोराकुएन याच गावात. पुणेकर श्रोत्याला आपल्या गावाचं सूत सापडलं की तो पुढची दहा मिनिटं तक्रार करत नाही.

ब्लू हार्ट्स १९९५ला संपले. त्यांना मेलोकोआ म्हणावं का, यावर इथली मंडळी तासभर भांडू शकतात. मी भांडणार नाही. आजोबांना नातवाच्या आडनावाने हाक मारायची गरज नसते.

२३ जून

परवा त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झाल्याचं जाहीर झालं. खोलीत सगळं ओलसर. काल रात्री पेटीतली पुठ्ठ्याची कव्हरं तपासली, दोनांवर बुरशीचे ठिपके दिसले. सगळ्या तबकड्या कव्हरांतून काढून प्लास्टिकच्या नव्या पिशव्यांत घातल्या, कव्हरं वेगळी वाळवत ठेवली. पुण्यातल्या पावसाळ्याची सवय असल्याने यात नवं काही नाही. काकांनी शिकवलेलं आठवतंच : तबकडी उभी ठेवायची, एकावर एक कधीही नाही.

दिवसभर हाय-स्टँडर्ड. इथे सगळे नुसतं 'हाइसुता' म्हणतात. १९९१ साली जमलेला तोक्योचा बँड, नंतर उरले तिघे : नाम्बा आकिहिरो बास वाजवत गातो, योकोयामा केन गिटारवर, त्सुनेओका आकिरा ड्रम्सवर. १९९५चा 'ग्रोइंग अप' कॅलिफोर्नियाच्या फॅट माइकच्या देखरेखीखाली झाला. त्याचा स्वतःचा बँड नोफेक्स, आणि १९९०पासून चालवलेली फॅट रेक कॉर्ड्स ही कंपनी. त्याच कंपनीने 'ग्रोइंग अप' अमेरिकेत काढला. म्हणजे टोक्योतल्या पोरांनी कॅलिफोर्नियाच्या तबकड्या ऐकून वाजवायला सुरुवात केली आणि कॅलिफोर्नियानेच त्यांची तबकडी विकत घेतली. अशी उलटी वाट फार थोड्यांना सापडते.

संध्याकाळी काकांना दोन गाणी पाठवली. रात्री फोन.

"अगं, हे इंग्रजीत का गातायत?"

मी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण बैठकीत हा प्रश्न येणारच. एक तर ज्या तबकड्या ऐकून ते शिकले, त्या इंग्रजी होत्या. दुसरं, जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःची मात्रा लागते. दोनशेच्या लयीत चाल पळत असताना जपानी ओळ अर्ध्यावर संपते. इंग्रजीत तेवढ्याच जागेत जास्त बसतं. तिसरं म्हणजे त्यांची इंग्रजी. उच्चार कुठे कुठे घसरतात, वाक्यं शाळेच्या निबंधासारखी सरळ असतात, आणि नेमक्या त्यामुळे गाण्यात पोज उरत नाही. मित्राला 'तुझी आठवण येते' म्हणायचं तर ते तसंच म्हणतात.

काका थोडं थांबून म्हणाले, "अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यागराजांची कृती रेकॉर्ड केली. तेलुगू काय त्यांची भाषा होती? सूर लागला की झालं." माझ्या तीन कारणांपेक्षा हे बरं. बैठकीत हा प्रश्न काकांकडेच सोपवावा.

१४ जुलै

'मेकिंग द रोड', १९९९. यातली किती गाणी घ्यायची हाच मोठा पेच.

आधी त्यामागचं अर्थकारण, कारण हा अल्बम नुसता गाण्यांसाठी प्रसिद्ध नाही. हाय-स्टँडर्ड आधी एका मोठ्या कंपनीच्या छताखाली होते. त्यांचं 'पिझ्झा ऑफ डेथ' हे नावही सुरुवातीला त्याच छताखालचं. १९९९मध्ये त्यांनी ते बाहेर काढून स्वतंत्र कंपनी केली आणि हा अल्बम तिच्यातर्फे आणला. देश-परदेश मिळून दहा लाखांवर खपला. मोठ्या कंपनीशिवाय, दूरदर्शनवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांशिवाय. तोवर इथल्या छोट्या बँडची साधारण समजूत अशी की आधी लहान कंपनी, मग कुणीतरी मोठा येऊन उचलून नेणार. यांनी शिडीच उलटी लावली.

आपल्याकडे हे चटकन समजणार नाही म्हणून दोन गोष्टी जोडायला हव्यात. जपानात नव्या सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती कमी करता येत नाही, कायद्याने तशी मुभा कंपन्यांना दिलेली आहे. अल्बम अडीच-तीन हजार येनला पडतो. शाळकरी पोराला तो परवडत नाही. म्हणून भाड्याने तबकड्या देणारी दुकानं आली, पहिलं १९८० साली तोक्योजवळच्या मिताकामध्ये. पोरं दोन दिवसांसाठी सीडी आणायची, कॅसेटवर उतरवून घ्यायची, परत करायची. गिरगावात वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे तसंच. त्यामुळे विकल्या गेलेल्या प्रतींच्या पलीकडे किती कानांपर्यंत ही गाणी गेली, याचा हिशोब कुठल्याही वहीत नाही.

आता गाणी. 'टर्निंग बॅक'ने अल्बम उघडतो, तीच चाल ऐकवायचा मोह आहे. पण बैठकीसाठी 'स्टे गोल्ड'. अडीच मिनिटांच्या आत संपतं. गिटारवरची सुरुवातीची धून इतकी ठसठशीत की मुखडा तिथेच कळून जातो. योकोयामा ती दोन तारांवर, एक सूर खालच्या सप्तकात नि तोच वरच्या सप्तकात, एकदम छेडतो. मेलोकोआची ही ओळखीची खूण : गिटार साथ करत नाही, चाल गाते. मग आवाज येतो आणि तो दुसरीच चाल घेऊन येतो.

आणि त्सुनेओका. १४ फेब्रुवारी २०२३ला गेला, एकावन्नाव्या वर्षी. नंतर मी त्याची रेकॉर्डिंग्ज नुसती ड्रम्ससाठी ऐकली. त्याचा वेग सगळे वाखाणतात. मला भावतं ते वेगळं. पळता ठेका चालू असताना तो मध्येच निम्म्या लयीत उतरतो आणि गाण्याला अचानक अंगण मिळतं. पुन्हा पळायला लागतो तेव्हा उडी आधीच्यापेक्षा उंच वाटते. काकांच्या मंडळातले एक काका तबल्यावर बसायचे, त्यांच्यासाठी हा भाग सुटा करून ठेवते.

२८ जुलै

बुक ऑफमध्ये फेरी. जुन्या पुस्तकांची ही साखळी, पण सीडींचं कपाट हा आमच्यासारख्यांचा खजिना. नव्वदच्या दशकात लाखोंनी खपलेलं सगळं आज चहाच्या किमतीत पडलंय. हाइसुता, स्नेल रॅम्प, पॉटशॉट. कागदी पट्टी, ओबी, शाबूत असली की जरा महाग. मला ओबीचं वेड नाही, पण काकांच्या मंडळाला असल्या गोष्टी आवडतात, म्हणून पट्टीसकट हाइसुताचा 'अँग्री फिस्ट' घेतला.

३ ऑगस्ट, शिमोकिताझावा

'शेल्टर' या लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे बँड वाजवतात अशा छोट्या जागेत, संध्याकाळ. १९९१पासूनचं तळघर. जिना उतरलं की भिंतींवर थरावर थर चिकटवलेले कागद. हल्लीच्या पोरांना ही जागा 'बोच्ची द रॉक' या अॅनिमेमुळे ठाऊक आहे, त्यातलं लाइव्ह हाउस यावरूनच घेतलेलं. आत मात्र जागा तेवढीच नि घाम तेवढाच.

लाइव्ह हाउसचं गणित बैठकीत सांगावं का? आपल्याकडे गायकाला बिदागी देतात, निदान द्यायची रीत तरी आहे. इथे नव्या बँडला बहुधा उलटं. 'नोरुमा' म्हणतात. समजा, दोन हजार येनची वीस तिकिटं बँडने खपवायची, न खपलेल्यांचे पैसे बँडच्या खिशातून. म्हणून सुरुवातीला श्रोते म्हणजे वर्गातली मुलं, भाऊ-बहिणी, दुसऱ्या बँडची पोरं. आज तू माझ्या कार्यक्रमाला, उद्या मी तुझ्या. दारात तिकिटाखेरीज पेयाचे पाच-सहाशे येन घेतात, कारण बऱ्याच जागांची नोंदणी खाण्यापिण्याचं ठिकाण म्हणून असते. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते, अजूनही वाटते. पण तिच्यामुळेच बँड एकमेकांना धरून राहिले, एका रात्री पाच-पाच बँड अर्धा-अर्धा तास वाजवू लागले, हेही खरं. आजच्या पाचांपैकी तिसरा बँड ऐकण्यासारखा होता. बास वाजवणारी मुलगी पहिल्या दहा ओळीत स्वतःशी गुणगुणत होती, माइकपासून लांब.

तिसरा संपल्यावर बाहेर आले. उरलेले दोघे मला माफ करोत.

१८ ऑगस्ट

आज खरं काम. सात इंची तबकड्या.

मेलोकोआचा इतिहास सांगताना सगळे हाय-स्टँडर्डपासून थेट मोठ्या मैदानांवर जातात. १९९७ला त्यांनी सुरू केलेला 'एअर जॅम' महोत्सव, २०००मध्ये चिबाचं बेसबॉल मैदान, मग बँड थांबला, अकरा वर्षांनी भूकंपानंतर योकोहामात परतला, पुढच्या वर्षी मियागीला, त्सुनामीने झोडपलेल्या तोहोकूत गेला. ती गोष्ट मोठी आहे आणि मला ती आवडते. पण संगीताचा संसार चालला तो दुसरीकडे, या छोट्या तबकड्यांवर. बैठकीत मला हेच पटवायचंय.

स्नफी स्माइल ही तोक्योतली नव्वदच्या दशकातली एका माणसाची म्हणावी इतकी छोटी कंपनी. पुढे नावात शेवटी 'झ' जोडला. लव्हमेन, मायनॉरिटी ब्लूज बँड, आय एक्सक्यूज, द अर्चिन, थ्री मिनिट मूव्ही अशी नावं तिच्या यादीत. भर सात इंचींवर, आणि त्यातही 'स्प्लिट'वर : एका तबकडीत दोन बँड, एकेकाला एक बाजू. कितीदा तरी एका बाजूला जपानी, दुसऱ्या बाजूला परदेशी. खर्च निम्मा, नाव दुप्पट ठिकाणी पोचतं, आणि बाहेरचा बँड दौऱ्यावर आला की कार्यक्रमात टेबलावर हीच तबकडी. ज्याने तुमची बाजू घेतली त्याला दुसऱ्याची बाजू आपोआप घरी न्यावी लागते. जाहिरातीची इतकी प्रामाणिक रीत मला दुसरी माहीत नाही.

आवाज वेगळा. हाय-स्टँडर्डचा सूर्यप्रकाश इथे नाही. कान इंग्लंडकडे लागलेले, संडरलंडच्या लेदरफेसकडे. त्यांचा १९९१चा 'मश' जपानच्या या गटात पोथीसारखा वाचला गेलेला दिसतो. फ्रँकी स्टब्सचा घसा खरवडलेला आवाज, आणि त्याखाली दोन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या, कोण मुख्य नि कोण साथीला ते कळू न देणाऱ्या. तोच गुंता जपानी बँडांनी उचलला, पण चाली आणखी लांब ओढल्या. ऐकताना उत्साह वाटतो आणि त्याच वेळी घसा दाटतो. हे दोन्ही एकत्र साधणं अवघड.

शिंजुकूच्या डिस्क युनियन या तबकड्यांच्या दुकानात दोन तास. प्रत्येक जुन्या तबकडीच्या पिशवीवर हस्ताक्षरात चिठ्ठी : कव्हराचा कोपरा दुमडलेला, बी बाजूला बारीक रेघ, आवाजावर परिणाम नाही. काकांना या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर : "आपल्याकडे दुकानदार सांगतो, एकदम नवीसारखी आहे, आणि घरी येऊन बघावं तर तडा."

घेतलेल्यांत फ्लोरिडाच्या हॉट वॉटर म्युझिकची नि इथल्या स्क्रीमिंग फॅट रॅटची स्प्लिट आहे. बैठकीत ही नक्की.

१९ ऑगस्ट

सात इंचीचं भोक मोठं, काकांच्या यंत्राचा खिळा बारीक. मधला अडॅप्टर न्यायला हवा. लेबलांवर वेग लिहिलेला नसतो ही आणखी एक गंमत : काही ४५ची, काही ३३ची. आवाजावरून ओळखायचं. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं.

१ सप्टेंबर

काकांना सात इंचींवरून उतरवलेल्या काही बाजू पाठवल्या होत्या. आज बराच वेळ बोललो, मुद्दे असे :

७८च्या दहा इंची तबकडीत एका बाजूला तीन मिनिटं आणि थोडं. १९०२ला कलकत्त्यात गौहर जानचं पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं आपल्या गायकांना राग तेवढ्यात बसवायला लागला. आलाप दोन ओळींचा, बंदिश, ताना मोजून, आणि संपलं. काही वाया घालवायचं नाही. बैठकीत दोन तास गाणारा माणूस तबकडीत आपलं सार काढून द्यायचा. काकांचं म्हणणं, "ही पोरंही तेच करतायत. मुखडा पहिल्या दहा सेकंदांत, अंतरा एकच, मध्ये एक गिटारची जागा, परत मुखडा. कुठे पाल्हाळ नाही."

दुसरं त्यांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं ऐकूनही शब्दांत पकडलं नव्हतं. ठेका द्रुत आहे, पण गाणं त्यावर मध्य लयीत चाललंय. ड्रम्सच्या चार आघातांवर गळ्याचा एक सूर. म्हणून कानाला धावपळ वाटत नाही. "ठेका पळतो, बाई चालते," असं म्हणाले. बाई कोण, ते विचारलं नाही.

पोटात कुठेतरी वाटलं, माझा तास अर्धा झाला. पण मंडळात काका एकटे नाहीत. एक सदस्य असे आहेत की १९५०नंतर संगीतच झालं नाही या मताचे.

२२ सप्टेंबर

हस्किंग बी आणि हवाइयन सिक्स, एका बैठकीत दोन्ही.

हस्किंग बीचा १९९६चा 'ग्रिप' पिझ्झा ऑफ डेथचा, घडवण्यात योकोयामाचा हात. ऐकताना हाइसुताची सावली जाणवते, पण इसोबे मासाफुमीचा आवाज पातळ, किंचित सूर सोडून चढणारा, आणि त्यातूनच ओढ तयार होते. पुढे हा बँड जपानीतही गाऊ लागला. एक गाणं घेते.

हवाइयन सिक्सचा २००२चा 'सोल्स'. नावात हवाई, पण चाली मात्र रडवेल्या, जवळजवळ सगळ्या मायनरमध्ये. इथे याला 'नाकी', रडती चाल म्हणतात. शोवा काळातल्या (१९२६-८९) जपानी सिनेमागीतांची आठवण कुठूनतरी येते, फक्त तिप्पट वेगाने. मंडळात कुणाला भैरवीच्या जवळचं काही वाटलं तर नवल नाही. यादीत शेवटून दुसरं.

६ ऑक्टोबर

ओकिनावाच्या मोंगोल८००वर अडकले. १९९८ला सुरू झालेले शाळकरी मित्र, २००१चा 'मेसेज' छोट्या कंपनीचा, खप २८ लाखांच्या आसपास. मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचा अल्बम देशाच्या यादीत पहिला आला. 'चीसाना कोइ नो उता' हे त्यातलं प्रेमगीत आज शाळांच्या कार्यक्रमांतही वाजतं. मला ते गाणं जरा गोड लागतं. पण त्यात शुद्ध जपानी चाल आहे, आणि ब्लू हार्ट्सपासून निघालेली जपानी शब्दांची धार इथे परत येते, त्यामुळे मांडणीत त्याची जागा पक्की. यानंतर जपानीत गाणाऱ्या तरुण बँडांची मोठी लाट आली, 'सेइशुन पंक', म्हणजे तारुण्याचा पंक, नावाची. त्यातलं बरंचसं मी आनंदाने वगळते.

एलेगार्डनही वगळला. चिबाचा हा बँड मला प्रिय, २००६चा 'इलेव्हन फायर क्रॅकर्स' तर पाठ आहे. २००८ला थांबले नि दहा वर्षांनी परतले तेव्हा तिकिटासाठी मीही रांगेत होते. पण त्यांची गाणी चार मिनिटांकडे झुकतात, आणि या तासाचा मुद्दा अडीच मिनिटं आहे.

२० ऑक्टोबर

यंत्राचं. माझं टर्नटेबल इथल्या १०० व्होल्टचं. पुण्यात २३० व्होल्ट. सरळ प्लग लावला तर बैठक ऐन मुखड्यावर संपेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागेल, तो नेण्यापेक्षा काकांचंच यंत्र वापरावं. पण त्यांच्या यंत्रावर ७८ची सुई आहे, सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड. सात इंचीच्या बारीक खाचांना अठरा मायक्रॉनच्या जवळची लागते. जाड सुई खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा घासत जाते, तबकडी खराब. काका म्हणाले, जुनी एलपीची सुई कपाटात आहे, हेडशेलसकट. दिवाळीत काढून तपासणार आहेत. तरी मी एक नवी घेऊन ठेवते.

१० नोव्हेंबर

क्रम ठरला. लिहून भिंतीला लावला :

ब्लू हार्ट्स आधी. मग हाइसुता तीन, 'स्टे गोल्ड' मध्यात. त्सुनेओकाचा सुटा भाग. मग बोलणं थांबवून सात इंची, सलग. इथे फक्त तबकडी उलटायची, माहिती नाही. स्प्लिटच्या दोन्ही बाजू पूर्ण. मग हस्किंग बी, हवाइयन सिक्स, शेवटी मोंगोल८००.

सात इंचींच्या वेळी गप्प बसायचं हे ठरवायला मला वेळ लागला. लेदरफेसबद्दल, नोरुमाबद्दल, स्प्लिटच्या अर्थकारणाबद्दल सांगायचा हात शिवशिवतो. पण तो भाग कानांनी जिंकायचा आहे. विचारलंच कुणी तर सांगेन.

२९ डिसेंबर, पुणे

काल बैठक झाली. खुर्च्या कमी पडल्या, शेजारचे दोघे आले होते. १९५०वाले काकाही.

'लिंडा लिंडा' सगळ्यांना आवडलं, ओकायामाचा उल्लेख कामी आला, आणि एकाने उद्यानात पार्किंग मिळत नाही हा विषय काढला. तो आवरायला काकूंना चहा आणावा लागला. हाइसुताच्या वेळी अपेक्षेप्रमाणे इंग्रजी. काकांनी करीम खाँसाहेब काढले, त्यावर दुसऱ्याने त्या कृतीचा राग खरहरप्रिया की आणखी कुठला अशी शंका काढली, आणि पाच मिनिटं पंक बाजूलाच राहिला. तबलेवाल्या काकांनी त्सुनेओकाचा तुकडा तीनदा ऐकला. हाताने मांडीवर धरून पाहिला. "सम कुठेय ते कळतं याला," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी पावती.

सात इंची. मी गप्प. जुनी सुई तपासून ठेवलेली होती, आवाज स्वच्छ. स्प्लिटची पहिली बाजू, हॉट वॉटर म्युझिकची, दोन भसाड्या आवाजांची, संपली. उलटली. दुसरी संपली. मग जे झालं त्याची कल्पना नव्हती : कोणती बाजू चांगली यावर मंडळात सरळ दोन तट पडले. या मंडळींचं आयुष्य ए बाजू नि बी बाजू करण्यातच गेलंय, एका तबकडीत दोन निरनिराळे गायक ही गोष्ट त्यांना अजिबात परकी नव्हती. कुणीतरी ७८च्या काळातली उदाहरणं द्यायला लागलं. पुन्हा पहिली बाजू लावा. पुन्हा दुसरी. १९५०वाले काका दुसऱ्या बाजूच्या तटात, आणि त्यांना बास ऐकू येत नव्हता म्हणून ते स्पीकरजवळ सरकून बसले.

मग अर्थातच प्रश्न आले. ही कंपनी कोण चालवतं, किती छापतात, एवढी छोटी तबकडी का. स्प्लिटच्या खर्चाचं सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे भिशीच की." तास कधीच उलटून गेला होता.

हस्किंग बी घाईघाईने झालं. मोंगोल८०० नि हवाइयन सिक्स राहिले. काकांनी दोन्ही नावं फेब्रुवारीच्या बैठकीच्या कागदावर लिहून घेतली, आधी हिराबाई, मग हे. 'हवाइयन'च्या पुढे त्यांनी एक प्रश्नचिन्ह टाकलंय, त्याचं काय करायचं ते मला फोनवर विचारणार आहेत.